हातचे न राखता : हौशी सुतारकामाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठीत 'हातचे राखून शिकवणे' असा वाक्प्रचार आहे. गवयाबद्दल, वैद्याबद्दल, आचाऱ्याबद्दल आणि सुताराबद्दलही तो आपण सहज वापरतो. शिष्याला सगळे दाखवायचे, पण ज्याने काम उठून दिसते ती शेवटची खुबी स्वतःपाशी ठेवायची. पुढच्या पानांत ज्यांचा विचार केला आहे ती माणसे नेमकी उलट वागतात. ती हौसेने सुतारकाम करतात, पोटासाठी दुसरेच काही करतात, आणि जे कळले ते भेटेल त्याला सांगत सुटतात. साचा बनवला तर त्याची मापे देतात, काम बिघडले तर कुठे बिघडले तेही दाखवतात, चांगले लाकूड कोणत्या वखारीत मिळाले ते लपवत नाहीत. या मोकळ्या सांगण्याचा नीट अभ्यास व्हावा असे मला का वाटते, आणि त्यासाठी मी कोलकात्याकडे का पाहतो, ते इथे मांडतो.

सुरुवात शब्दांपासून केलेली बरी. हौसेने केलेल्या गोष्टीला बंगालीत 'शखेर' म्हणतात. शखेर थिएटर, शखेर जात्रा. हा 'शख' म्हणजे आपल्या ओळखीचा अरबी 'शौक'. आपली 'हौस'ही अरबीतूनच आलेली. हौशी रंगभूमी हा शब्द मराठी माणूस अभिमानाने उच्चारतो. तिच्यावर प्रबंध झाले, स्पर्धा झाल्या, तिचा इतिहास लिहिला गेला. हौशी सुतार मात्र आपल्या विद्यापीठांच्या नजरेला अजून पडलेला नाही. मराठी 'सुतार' आणि बंगाली 'छुतोर' हे दोन्ही शब्द 'सूत्रधार' या एकाच शब्दाकडे जातात : सूत धरून लाकडावर रेघ पाडणारा. आपली करवत तिकडे 'करात' होते, आपला रंधा 'रँदा' होतो, पटाशी मात्र 'बाटालि' होते आणि गुण्याला 'माटाम' म्हणतात. नागपूर-हावडा गाडीने उतरलेल्या मराठी माणसाला कोलकात्याच्या हत्यारांच्या दुकानात निम्मी नावे ओळखीची लागतात आणि निम्मी शिकावी लागतात. अभ्यासाला उतरण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही.

आता एक प्रसंग सांगतो, कारण या क्षेत्रातला सगळा विचार शेवटी अशाच एखाद्या प्रसंगापाशी येऊन थांबतो.

दक्षिण कोलकात्यातल्या एका घराची गच्ची. पत्र्याच्या आडोशाखाली एक जुने टेबल, त्यावर शिकंजा बसवलेला, भिंतीला खिळ्यांवर करवती टांगलेल्या. तिथे काम करणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. ऐन श्रावणात, बाहेर पाऊस सुरू असताना, शेजारच्या पाड्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, एक शिक्षिका कपाटाचा एक खण काखोटीला मारून वर आली. खण तिने स्वतः बनवलेला, साताठ महिन्यांपूर्वी, थंडीत. तेव्हा तो लोण्यासारखा आतबाहेर होत होता. आता आत जाईना, आणि महत्प्रयासाने गेला तर बाहेर येईना. तिची समजूत अशी की आपली मापे चुकली.

गृहस्थांनी खण उलटा केला, बाजूची फळी बोटाने चाचपली आणि तिला फळीचा कापलेला टोकाकडचा भाग दाखवला. तिथे झाडाची वर्षवलये दिसत होती. ते म्हणाले, लाकूड लांबीला फुगत नाही, म्हणजे फुगते ते मोजण्याइतके नाही. आडवे फुगते. त्यातही वलयांच्या रेषेत जेवढे फुगते त्याच्या जवळपास निम्मेच वलयांना छेदून फुगते. तुझी फळी अशी कापलेली आहे की तिची उंची वलयांच्या रेषेत आली. पंधरा सेंटीमीटर उंचीची सागाची फळी माघापासून श्रावणापर्यंत सहज दीड मिलिमीटर वाढते, आणि तू वर फट ठेवलीस अर्ध्या मिलिमीटरची. तुझी मापे बरोबर होती, महिना चुकला.

मग त्यांनी रंध्याचे पाते अगदी थोडे बाहेर काढले आणि खणाच्या वरच्या कडेवरून कागदासारखे तीन-चार पापुद्रे काढून थांबले. सगळे आज काढू नकोस, म्हणाले, नाहीतर पौषात खण खुळखुळेल. शेवटी पेन्सिल घेऊन खणाच्या तळाला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, बंगाली महिन्याचे नाव आणि ठेवलेल्या फटीचे माप लिहिले. त्यांच्या घरातल्या प्रत्येक खणाच्या तळाला असे लिहिलेले आहे. तिने विचारले, काका, याचे काय द्यायचे. ते म्हणाले, पौषात फट किती झाली ते मोजून सांग.

मी हा प्रसंग अनेकदा मनात फिरवून पाहिला आहे. वरवर पाहता एका वडीलधाऱ्या माणसाने शेजारणीला मदत केली. पण त्यांनी मागितलेली परतफेड बघा. पैसा नाही, आभारही नाहीत, एक माप. म्हणजे त्यांनी दिलेले ज्ञान तिच्या घरी जाऊन, एक ऋतू काढून, थोडे वाढून त्यांच्याकडे परत येणार. तिचा खण आता त्यांच्याही प्रयोगाचा भाग झाला. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटवस्तूंवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात देणे, स्वीकारणे आणि परत करणे या तीन बंधनांची चर्चा केली. आपल्याकडे लग्नाच्या आहेराची वही जपून ठेवणाऱ्या कोणत्याही घराला त्याचे म्हणणे चटकन कळेल. मात्र मॉसच्या भेटी वस्तूंच्या आहेत. दिली की देणाऱ्याकडून गेली. खणाची फट सांगणाऱ्याकडून काहीच गेले नाही. विद्या दिल्याने वाढते हे आपण शाळेत सुभाषितात शिकलो, पण ती नेमकी कशी वाढते, कोणाच्या हाती वाढते, आणि कधी वाढत नाही, हे सुभाषितात नसते. तिथून हे अभ्यासक्षेत्र सुरू होते.

या प्रश्नाला अर्थशास्त्राच्या बाजूने हात घालणारा एक लेख मला फार मोलाचा वाटतो. रॉबर्ट ॲलन यांनी १९८३ साली इंग्लंडमधल्या क्लीव्हलंड भागातल्या एकोणिसाव्या शतकातील लोखंडाच्या भट्ट्यांचा अभ्यास केला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले भट्टीमालक आपल्या भट्टीची उंची आणि आत सोडलेल्या हवेचे तापमान एकमेकांना उघडपणे सांगत. कुणी थोडी उंच भट्टी बांधली, इंधन कमी लागले, ते सगळ्यांना कळले, पुढच्याने आणखी उंच बांधली. पन्नास फुटांच्या आसपासच्या भट्ट्या काही दशकांत ऐंशी फुटांपर्यंत पोचल्या. यात एकटा संशोधक कोणी नव्हता. ॲलन याला सामूहिक शोध म्हणतात. गच्चीवरचे गृहस्थ आणि ती शिक्षिका भट्टीमालक नव्हेत, पण खणांच्या तळाला लिहिलेली ती मापे म्हणजे सामूहिक शोधच आहे. एका माणसाला आयुष्यात शंभर खण बनवून होत नाहीत. शंभर माणसांनी एकेक खण बनवून मापे सांगितली की कोलकात्याच्या दमट हवेत कोणते लाकूड किती फुगते याची वही तयार होते.

इथे थांबून एक मोठी गोष्ट कबूल करायला हवी. तिच्याशिवाय हा विषय नुसत्या कौतुकाचा होईल.

हौशी माणसाला हातचे राखण्याची गरज नसते, कारण त्याचे पोट त्या हातांवर नसते. धंद्यातल्या सुताराची गोष्ट वेगळी. त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे 'गावगाडा' वाचलेल्या मराठी वाचकाला हे नव्याने सांगायला नको. सुतार बलुतेदार होता, नांगर-कुळव दुरुस्त करायचा आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घ्यायचा. त्याचे कसब हेच त्याचे वतन होते. वतन कोणी चव्हाट्यावर वाटत नाही. मिरजेच्या तंतुवाद्य बनवणाऱ्या घराण्यांनी लाकडाची पारख आणि जवारीचे काम पिढ्यान् पिढ्या घरात जपले, म्हणून मिरजेचा तंबोरा मिरजेचा राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते या जपण्यामुळेच. कोलकात्यात चितपूर रोडवर, आजच्या रवींद्र सरणीवर, वाद्ये बनवणाऱ्यांची दुकाने आहेत, तिथेही हीच रीत. तिला कोतेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ज्याची मजुरी रोज घासाघीस करून ठरते त्याच्या गुपिताला भाकरीची किंमत असते.

आणि कोलकात्याच्या हौशी सुताराचे जे काही ज्ञान आहे ते याच धंदेवाल्या हातांतून आलेले आहे. या शहरात लाकडाची फार मोठी वस्ती आहे. हुगळीच्या काठाला निमतला घाटाजवळ लाकडाच्या वखारी आहेत, बंगालीत त्यांना 'काठगोला' म्हणतात. ब्रह्मदेशाचा साग कोलकात्याच्याच बंदरात उतरत असे. नदीपलीकडे शिबपूरला १७८७ साली रॉबर्ट किड याच्या पुढाकाराने वनस्पतिउद्यान सुरू झाले, तेव्हा जहाजांसाठी साग वाढवणे हाही त्यामागचा एक हेतू होता. शहरात बौबाजारात फर्निचरची दुकाने रांगेने आहेत. रसेल स्ट्रीटवर १९४० पासून 'रसेल एक्स्चेंज' हे लिलावघर आहे. मोडक्या घरांतली खुर्च्या-कपाटे तिथे येतात, आणि शिकणाऱ्यासाठी जुनी मोडकी खुर्ची म्हणजे उघडून ठेवलेले पाठ्यपुस्तक. कुसू कुठे किती खोल घातले, सरस कुठे लावला, खिळा कुठे टाळला, ते सगळे सांधा सुटल्यावरच दिसते.

या वस्तीत कँटनकडून आलेले चिनी सुतार होते. कोलकात्याच्या चिनी समाजात कामांची वाटणी ठळक होती : हक्का लोक चामडे कमावणारे आणि जोडे शिवणारे, हुपेहकडचे दात बसवणारे, आणि कँटनचे सुतार. गोदीतले जहाजांचे आतले काम आणि बौबाजारातले फर्निचर यांत त्यांचा मोठा लौकिक होता. १९६२ च्या युद्धानंतर अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत डांबले, पुढे कितीतरी कुटुंबे देश सोडून गेली. त्यांच्याबरोबर हातातले जे गेले त्याची नोंद कुणी केली नाही. वस्तू राहिल्या, त्या बनवण्याची रीत राहिली नाही. हातचे राखले गेले की माणसाबरोबर ते जाते, आणि राखणाऱ्याला तसे राखायला भाग पाडणारी परिस्थिती आपणच तयार केलेली असते. या अभ्यासाची ही दुखरी बाजू वाचकाने सतत डोळ्यापुढे ठेवावी अशी माझी इच्छा आहे.

लाकडाचे ज्ञान उघड करण्याची परंपरा जुनी आहे आणि ती बहुतेक वेळा धंद्यातल्याच एखाद्या उदार माणसाने सुरू केली आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सनने १६७७ पासून कारागिरांच्या कामांवर स्वस्त पुस्तिका हप्त्याहप्त्याने छापल्या. पॅरिसच्या आंद्रे-जाकोब रूबोने १७६९ ते १७७४ या काळात सुतारकामावर प्रचंड ग्रंथ लिहिला, आणि रूबो स्वतः काम करणारा सुतार होता. आपल्याकडे बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या खटपटीने १८९० साली कलाभवन उभे राहिले, तेव्हा हुन्नर देशी भाषांतून शिकवायचा आणि त्याची पुस्तके देशी भाषांतून काढायची हा हट्ट त्यामागे होता. नागपूरच्या 'उद्यम' मासिकाने घरबसल्या करायच्या उद्योगांची माहिती मराठीत वर्षानुवर्षे दिली. हौशी माणूस या छापील ओढ्यावरच वाढतो.

पण कोलकात्याकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच मी हे शहर निवडले. इथे उच्चभ्रू, शिकलेल्या, जमीनदार घरातल्या माणसांनी रंधा हातात घेतला आणि त्याची लाज बाळगली नाही. जोडासाँकोच्या ठाकूर घराण्यात गगनेंद्रनाथांनी विलायती फर्निचर बाजूला सारून देशी वळणाचे फर्निचर कल्पून बनवून घेतले. त्यांचे धाकटे बंधू अवनींद्रनाथ, ज्यांच्यापासून बंगाली चित्रशैली सुरू झाली, ते उतारवयात वाळक्या फांद्या, मुळ्या आणि लाकडाचे टाकाऊ तुकडे गोळा करून त्यांतून पक्षी, प्राणी, माणसे शोधत बसत. या खेळण्यांना 'काटुम-कुटुम' म्हणतात. देशभर नावाजलेल्या चित्रकाराने वयाच्या त्या टप्प्यावर हौशी होणे पत्करले, हे मला त्यांच्या कोणत्याही चित्राइतकेच मोठे वाटते.

आणि रथींद्रनाथ. रवींद्रनाथांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८८ चा. वडिलांनी त्यांना शेती शिकायला अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पाठवले, १९०९ मध्ये ते परतले. पुढे विश्वभारतीचा सगळा प्रपंच त्यांच्या खांद्यावर आला, १९५१ साली विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाल्यावर ते पहिले उपाचार्य म्हणजे कुलगुरू झाले. एवढ्या व्यापात ते नियमाने लाकडाचे काम करत. निरनिराळ्या नैसर्गिक रंगांची लाकडे एकमेकांत जडवून पेट्या बनवत, फर्निचर बनवत, घरे आखत. शांतिनिकेतनात उत्तरायणाच्या आवारातले 'गुहाघर' ही त्यांची कामाची जागा. एका महाकवीच्या मुलाने शब्दांच्या वाटेला फारसे न जाता रंध्याची वाट धरली, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते, आणि आदरही.

रथींद्रनाथांची हौस त्यांच्यापाशी थांबली नाही. १९२२ मध्ये शांतिनिकेतनजवळ सुरूल येथे श्रीनिकेतन सुरू झाले, लिओनार्ड एल्महर्स्ट त्याचे पहिले संचालक. शेतीबरोबर विणकाम, चामड्याचे काम आणि सुतारकाम शिकवले जाऊ लागले. कासाहारा नावाचे जपानी सुतार आणि माळी तिथे राहून काम करत. दुसरा धागा स्वीडनचा. तिथल्या नेस येथे ओटो सालोमन यांनी सुरू केलेल्या शाळेत 'स्लॉइड' नावाची शिक्षणपद्धती विकसित झाली होती : मुलांना साध्या चाकूपासून सुरुवात करून लाकडाच्या उपयोगी वस्तू टप्प्याटप्प्याने बनवायला शिकवायचे, मुलाला धंदेवाईक सुतार करण्यासाठी नाही, तर हात, डोळे आणि विवेक तयार व्हावेत म्हणून. देशोदेशीचे शिक्षक तिथे जात. शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिंह १९२० च्या दशकाच्या अखेरीला तिथे जाऊन ते शिकून आले. पुढे शांतिनिकेतनात राहिलेले ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी वर्ध्याला आले आणि १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नई तालीम या शिक्षणयोजनेच्या कामाला त्यांनी वाहून घेतले. झाकिर हुसेन समितीने सुचवलेल्या मूलोद्योगांत सुतारकाम होते. म्हणजे स्वीडनमधल्या एका वाडीतून शांतिनिकेतनात आणि शांतिनिकेतनातून सेवाग्रामात हाताने शिकण्याचा विचार माणसांमागून माणसे चालत आला. मराठी वाचकाने कोलकात्याचा हा विषय परका मानू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

याच शहरात ३० नोव्हेंबर १९१७ रोजी जगदीशचंद्र बोस यांनी आपल्या विज्ञानमंदिराचे उद्घाटन केले आणि इथल्या शोधांचे पेटंट घेतले जाणार नाही, ते सर्वांचे असतील, असे जाहीर केले. त्यांची अतिसूक्ष्म हालचाल टिपणारी यंत्रे त्यांच्या देखरेखीखाली इथल्याच कारागिरांनी बनवली होती. गच्चीवरच्या गृहस्थांना बोसांचे भाषण माहीत असेल असे मी म्हणत नाही. पण ज्या शहरात ज्ञान उघडे ठेवणे हा मोठेपणा मानला गेला, त्या शहरात हातचे न राखणे सोपे जाते, हे मात्र मी खात्रीने म्हणतो. त्यात पाड्यातल्या घरांच्या ओट्यांवरचा 'अड्डा' आहे. मराठीत अड्डा म्हटले की जुगार आठवतो. बंगाली अड्डा म्हणजे आपला कट्टा, आणि कट्ट्यावर जे बोलले जाते त्याचे कोणी मोल लावत नाही.

आता या अभ्यासातली सर्वांत अवघड जागा. सांगून किती कळते? तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी म्हटले की माणसाला जेवढे सांगता येते त्यापेक्षा जास्त माहीत असते. पटाशीला धार लावणे घ्या. सांगणारा सगळे सांगतो : आधी पाठ दगडावर पूर्ण सपाट करा, मग उताराची बाजू पंचवीस-तीस अंशांत धरून तेलाच्या दगडावर फिरवा, पाठीकडे केसासारखी बारीक कड उलटेपर्यंत. यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे. तरी नवशिक्या दगडावर पटाशी घासत राहतो आणि ती उलटलेली कड त्याच्या बोटाला जाणवत नाही. मग कोणीतरी त्याचे बोट धरून पात्यावरून आडवे फिरवते, लांबीने नाही, लांबीने फिरवले तर कापेल, आणि म्हणते, हे बघ, इथे अडकले ना, हीच ती. त्या एका स्पर्शानंतर त्याला पुन्हा सांगावे लागत नाही. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ साली लायबेरियातल्या शिंप्यांसारखी उदाहरणे घेऊन दाखवले की शिकणे म्हणजे काम करणाऱ्यांच्या घोळक्यात काठावरून हळूहळू आत सरकणे. हौशी सुतारांचे औदार्य मला या कामात सर्वांत मोठे दिसते. माहिती देणे सोपे. काठावर उभ्या असलेल्याला आत जागा करून देणे कठीण, कारण त्यात आपला वेळ जातो, आपली पटाशी बोथट होते आणि आपल्याच सागाच्या फळीवर त्याचे चुकीचे घाव पडतात. ज्याने स्वतःची धारदार पटाशी नवशिक्याच्या हाती दिली आहे त्यालाच हे औदार्य काय असते ते माहीत.

चुकीचा सल्लाही तितक्याच मोकळेपणाने दिला जातो, हे नोंदवले पाहिजे. चक्राकार करवतीच्या बाबतीत अर्धवट ज्ञान वाटणे म्हणजे बोटांशी खेळ. चांगल्या मंडळींत एक पथ्य दिसते : मी हे स्वतः केले आहे की नुसते ऐकले आहे, ते आधी सांगायचे. या पथ्यावर कोणी संशोधन केले तर मला फार आनंद होईल. तसेच बायकांविषयी. खण घेऊन गच्चीवर आलेली शिक्षिका आता अपवाद राहिलेली नाही, तरी हत्यारांच्या दुकानात तिच्याशी न बोलता तिच्याबरोबरच्या पुरुषाशी बोलले जाते. हे कोणत्या शब्दांत घडते ते ऐकून लिहायला हवे.

नव्याने येणाऱ्या अभ्यासकाला माझे सांगणे असे की ग्रंथालयाआधी काठगोल्यात जावे. निर्मलकुमार बोस यांनी १९३२ साली ओडिशातल्या मंदिरबांधणीवर पुस्तक काढले, ते तिथल्या शिल्पींच्या पायाशी बसून त्यांच्या परिभाषेत मंदिर वाचायला शिकल्यावर. डेव्हिड मॅक्कचन यांनी जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकवता शिकवता बंगालभर फिरून पक्क्या विटांच्या मंदिरांची नोंद केली. ती मंदिरे बांधणारे सूत्रधार लाकूड, माती, दगड आणि रंग या चारही माध्यमांत काम करत आणि काही मंदिरांवर त्यांची नावे कोरलेली आहेत. पूर्व बर्धमान जिल्ह्यातल्या नूतनग्राममध्ये त्यांच्याच जातीचे लोक आज लाकडाची रंगीत घुबडे आणि बाहुल्या करतात. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीतल्या खेळण्यांची आठवण व्हावी असेच ते काम. या घरांतून निघालेले ज्ञान आज गच्चीवरच्या हौशी माणसाच्या हातात आहे, आणि तो ते मोकळेपणाने वाटतो आहे. त्याने ते कोणाकडून घेतले, हे मात्र वाटताना बहुधा सांगितले जात नाही. 'एका मिस्त्रीने दाखवले' एवढ्यावर भागते. मंदिरावर सूत्रधाराचे नाव कोरले जात होते, आणि आपण मात्र त्याला नुसता 'एक मिस्त्री' करून टाकतो, हे मला बोचते.

भाद्रपद संक्रांतीला, सतरा सप्टेंबरच्या सुमारास, कोलकात्यात विश्वकर्मा पूजा असते. कारखान्यांत, गॅरेजांत, रिक्षांच्या थांब्यांवर हत्यारांना आणि यंत्रांना फुले वाहतात, आकाश पतंगांनी भरून जाते. आपल्याकडे हत्यारांची पूजा खंडेनवमीला होते. त्या गच्चीवरही त्या दिवशी करवती-रंधे धुऊन पुसून ओळीने मांडतात. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा त्या ओळीत एक जुनी लाकडी मुठीची पटाशी होती. ती कोणाची, असे विचारल्यावर गृहस्थांनी ज्या वृद्ध मिस्त्रीने त्यांना धार लावायला शिकवले त्याचे पूर्ण नाव, त्याचे गाव आणि तो गेला ते वर्ष सांगितले.

वाचकहो, या विषयात तुमचे मनापासून स्वागत आहे. तुमच्या गावात सुताराचे घर असेल तर एकदा त्याच्याकडे जाऊन बसा. त्याच्या हत्यारांची नावे त्याच्याच उच्चारात लिहून घ्या, कोणते लाकूड कोणत्या महिन्यात तोडायचे ते विचारा, आणि जे लिहाल त्याच्यापुढे त्याचे नाव लिहा.